माडी नवीन केली, वर बाथरूमला गरम पाण्यासाठी काय बसवू?

माडकर_फोंडा

नमस्कार मंडळी, घर गोव्यात, म्हार्दोळच्या जवळ, आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं. माडी होती पण लाकडी फळ्यांची, वाळवीने खाल्लेली, आम्ही वर फक्त नारळ आणि सुपारी ठेवायचो. गेल्या वर्षी हिंमत केली, फळ्या काढून स्लॅब घातला, वर दोन खोल्या, दोन बाथरूम पाठीला पाठ लावून, आणि मागे कपडे वाळत घालायला एक छोटी झाकलेली जागा. वरती लोखंडी कैच्यांवर मंगलोरी कौलंच ठेवली, आईचा हट्ट होता आणि मलाही ते बरं वाटलं. फक्त बाथरूमच्या डोक्यावर सपाट स्लॅब आहे, साधारण ८ बाय १०, त्यावर हजार लिटरची टाकी बसलीय.

आता प्रश्न गरम पाण्याचा. खाली न्हाणीत अजून तांब्याचं भाण आहे, चूल आहे, आई (७२) चुडतां (माडाच्या सुक्या झावळ्या) आणि सोडणं (नारळाची सालं) जाळून पाणी तापवते आणि तिचं तिला ते पाहिजे, त्याला आम्ही हात लावणार नाही. पण वर आम्ही चौघं, मी, बायको, दोन मुलं, सकाळी साडेसहा ते साडेसात सगळ्यांना एकदम पाणी हवं. प्लंबर म्हणतो पुढच्या आठवड्यात पाईपांसाठी भिंतीत पाडलेले काप बुजवतो, त्याआधी काय ते ठरवा, आणि ज्याला विचारावं तो वेगळं सांगतोय. दोन पंचवीस लिटरचे स्टोरेज गिझर मिळून १९ हजार, दोन इन्स्टंट ९ हजार, गॅस गिझर ७ हजार, सोलर २०० लिटर ४२ हजार, हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) २०० लिटर १ लाख ३५ हजार, ही माझ्याकडची कोटेशनं. मेहुणा पुण्यात असतो, त्याच्याकडे सोलर आहे, तो म्हणतो डोळे झाकून सोलर घाल. पण पुण्याचा पाऊस आणि आपला पाऊस एक आहे का?

अजून माहिती, लाईट सिंगल फेज, पावसात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, पाणी विहिरीचं आणि नळाचं दोन्ही एकाच टाकीत. आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) घरात पंधरा-सोळा माणसं असतात, सगळ्यांची आंघोळ पूजेच्या आधी व्हायला पाहिजे. कृपया अनुभवाने सांगा.

निवृत्त_पाणीवाला

माडकरबाब, यंत्र नंतर, आधी तुम्हाला पाणी किती लागतं ते मोजा. सगळे उलट करतात, दुकानात जातात आणि दुकानदाराला विचारतात की काय घेऊ.

आपल्याकडे विहिरीचं पाणी साधारण २७ अंशांवर असतं. आंघोळीला ४० अंश पुष्कळ झालं. म्हणजे फक्त १३ अंश चढवायचे आहेत, उत्तरेत डिसेंबरात १० अंशाचं पाणी येतं तिथलं गणित इथे लावूच नका. २० लिटरची एक बादली १३ अंशांनी तापवायला वीज लागते ०.३ युनिट. चौघांच्या चार बादल्या, सव्वा युनिट. पाईपमध्ये आणि टाकीत जे वाया जातं ते धरून रोज २ युनिट म्हणा, महिन्याला ६०. हे तुमच्या घराचं एकूण ओझं. आता सांगा, महिन्याला ६० युनिटसाठी १ लाख ३५ हजारांचा हीट पंप घालायचा का? तो ६० चे २० करील, ४० वाचवील, तेवढ्यात तो फिटायला किती वर्षं लागतील ते तुमच्या बिलावरचा दर घेऊन काढा.

पंचवीस लिटरचा गिझर ६० अंशांवर लावला तर थंड मिसळून त्यातून ४० अंशांचं साधारण ६० लिटर निघतं, म्हणजे तीन बादल्या. रिकामा झाल्यावर २ किलोवॅटच्या कॉईलला परत तापायला अर्धा तास. तुमची दोन बाथरूम, दोन गिझर, सहा बादल्या, चार माणसं. पुरतं. आणि चोवीस तास चालू ठेवू नका, नुसतं गरम राहण्यात दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास जातं, पाच स्टारचा असला तरी.

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. टाकी बाथरूमच्या स्लॅबवरच ठेवलीय म्हणता. शॉवरपासून टाकीच्या तळापर्यंत उंची किती?

माडकर_फोंडा

टेप लावून बघितलं, शॉवरच्या तोंडापासून टाकीच्या तळापर्यंत जेमतेम ३ फूट. स्टँड घातलेला नाही, स्लॅबवर थेट चार चिरे ठेवून टाकी ठेवलीय.

निवृत्त_पाणीवाला

मग तिथेच अडणार. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे १ बार दाब. तुमचे ३ फूट म्हणजे ०.१ बारसुद्धा नाही. बादली भरेल, हळूहळू पण भरेल. शॉवर मात्र अंगावर पडणार नाही, ठिबकेल. आणि या दाबावर गॅस गिझर पेटतच नाही, त्यात पाण्याच्या जोराने उघडणारा पडदा असतो, जोर नसेल तर ठिणगीच पडत नाही. आधी हे सोडवा. टाकी उचलायची तर ५ फूट उचलूनसुद्धा पाव बार होईल, आणि हजार लिटर म्हणजे एक टन वजन, वादळी वाऱ्यात उंच स्टँडवर मला ते आवडत नाही. त्यापेक्षा टाकीच्या आउटलेटला छोटा प्रेशर पंप बसवा, नळ उघडला की चालू होणारा. पंपाचं पाणी थंड लाईनला आणि गिझरच्या इनलेटला, दोन्हीकडे द्या. लोक फक्त थंडला देतात, मग गरम-थंडच्या मिक्सर नळात थंड पाणी जोरात येतं आणि गरम बाजूला उलटं घुसतं, आणि मग म्हणतात गिझर खराब आहे.

पेडण्याची_लेक

गॅस गिझरबद्दल मला लिहायलाच हवं, बाकी काय बसवायचं ते तुम्ही ठरवा पण हा बाथरूमच्या आत नको. आमच्याकडे पेडण्याला माडीवरच्या बाथरूममध्ये होता, चार वर्षं काही झालं नाही. जुलैमध्ये पाऊस आत येतो म्हणून व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावला होता, माझ्या चुलतभावाची मुलगी आंघोळीला गेली, पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, हाका मारल्या तर उत्तर नाही. दार फोडलं. खाली पडली होती, तोंड लालसर, वाचली कारण आम्ही वेळेत पोचलो. डॉक्टरांनी सांगितलं कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणसाला कळतच नाही, आधी डोकं दुखतं मग पाय गळतात आणि दाराची कडी काढायची शक्ती राहत नाही. बसवणाऱ्याने धूर बाहेर काढायचा पाईप लावलाच नव्हता, म्हणाला गरज नाही.

आपल्याकडे चार महिने खिडक्या बंद असतात हो. बसवायचाच तर बाहेर उघड्या बाल्कनीत, धुराड्याच्या पाईपासकट, आणि फक्त गरम पाण्याचा पाईप आत आणायचा. मी आता कोणाच्या घरी गेले तरी आधी बाथरूममध्ये वर बघते.

माडकर_फोंडा

ताई, वाचून अंगावर काटा आला. गॅस गिझर यादीतून काढला. मुलगी सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं.

साखळीकर_७४

मी सोलरवाला, सहा वर्षं झाली, २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा. मी सोलरला वाईट म्हणणार नाही, ऑक्टोबर ते मे मला गरम पाण्याला एक पैसा लागत नाही, एप्रिलमध्ये तर पाणी इतकं तापतं की हात भाजतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून जसं आहे तसं सांगतो.

पहिली गोष्ट माड. तुमच्या घराच्या दक्षिणेला माड आहेत का? पॅनेलचं तोंड दक्षिणेला लागतं, आणि माझ्याकडे दक्षिणेलाच तीन माड, सकाळी दहापर्यंत सावली. त्यात एकदा झावळी पडून चार नळ्या फुटल्या, एकदा नारळ. आता त्या माडांवरचे नारळ वेळेत पाडून घेतो, पाडेली (नारळ पाडणारा) मिळत नाही तेव्हा जीव टांगणीला.

दुसरी, पाऊस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत सोलरचं पाणी कोमट, काही दिवस तेवढंही नाही. म्हणतात की टाकीत बॅकअप कॉईल आहे. आहे, पण ती कॉईल २०० लिटरची अख्खी टाकी तापवते. तुम्हाला चार बादल्या पाहिजेत आणि २०० लिटर २७ वरून ६० वर नेण्यात साडेसात युनिट जातात. पहिल्या पावसाळ्यात बिल बघून मी कॉईलचा स्विचच बंद केला आणि बाथरूममध्ये वेगळा १५ लिटरचा गिझर घातला, सोलरचं पाणी त्या गिझरच्या इनलेटला. आता उन्हाळ्यात गिझर बंदच असतो, सोलरचं पाणी त्यातून तसंच पुढे येतं, पावसात गिझर लावतो, कोमट आत येतं म्हणून लवकर तापतं. ही जोडणी मात्र फार बरी झाली.

तिसरी तुमच्यासाठी महत्त्वाची. माझी सिस्टीम बिनप्रेशरची, टाकीच्या वर हवेचा पाईप उघडा असतो. वरच्या बाथरूमला जोर येत नाही म्हणून मी थंड टाकीला प्रेशर पंप लावला आणि तीच लाईन सोलरला जात होती, तिसऱ्या दिवशी नळ्यांच्या रबरी वॉशरातून पाणी गळायला लागलं, हवेच्या पाईपातून कारंजं. स्वस्त सोलर बहुतेक याच जातीचे. पंप लावणार असाल तर प्रेशरवाली टाकी मागा, ती महाग, तुमचं ४२ हजारांचं कोटेशन त्यातलं वाटत नाही. आणि थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या वर लागतो, तुमच्या त्या ८ बाय १० च्या स्लॅबवर दोन्ही कसं बसवणार ते आधी कागदावर काढा. कौलांवर बसवायचं कोणी सुचवलं तर नाही म्हणा, नुसतं पाणीच २०० किलो.

वायरमन_डिचोली

सगळे पाण्याचं बोलले मी करंटचं बोलतो. दादा, इन्स्टंट घेऊ नका, विशेषतः व्होल्टेज पडतं म्हणताय तर. ३ किलोवॅटचा इन्स्टंट २३० व्होल्टवर मिनिटाला ३.३ लिटर देतो ४० अंशांचं, म्हणजे एक बादली सहा मिनिटं. व्होल्टेज १९० वर आलं तर पॉवर वर्गाने पडते, ३ चा २ किलोवॅट होतो, मिनिटाला सव्वादोन लिटर. मुलं थंडच अंघोळ करून शाळेला जातील. स्टोरेजला तेच व्होल्टेज मिळालं तर अर्ध्या तासाच्या जागी पाऊण तास लागतो एवढंच, थोडं लवकर लावायचं.

वायर प्रत्येक गिझरला वेगळी, बोर्डापासून थेट, ४ स्क्वेअर (मिलिमीटर) जाडीची घाला. २ किलोवॅटला ९ अँपिअर, ३ ला १३, अडीचची पण चालते पण भिंत आत्ता उघडी आहे आणि पुढे मोठं काही बसवायचं झालं तर परत भिंत फोडू नका. स्विच बाथरूमच्या बाहेर, २० अँपिअरचा डबल पोल. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच), यात काटकसर नाही, माडीसाठी वेगळाच घाला म्हणजे खालचं ट्रिप झालं तर वर अंधार नाही.

अर्थिंग जुन्या घरांत फक्त नावाला असतं. चिऱ्याच्या जमिनीत मे महिन्यात माती कोरडी ठणठणीत होते, पावसात चांगली रीडिंग दाखवणारं अर्थिंग तेव्हा काही कामाचं राहत नाही. मीटरने मोजून घ्या आणि उन्हाळ्यात मोजा. गिझर, ओलं अंग, लोखंडी पाईप, यात दुसरी संधी मिळत नाही.

दोन गिझर एकदम चालू, त्यात पंप, इस्त्री, फ्रिज, मिक्सर, सगळं धरून मंजूर लोड किती आहे ते बिलावर बघा. बहुतेक जुन्या घरांचा लोड तीस वर्षांपूर्वीचा असतो, तो वाढवून घ्या.

माडकर_फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. माड दक्षिणेला आहेत, पाच. आणि स्लॅबवर दोन टाक्या बसत नाहीत, साखळीकरांनी सांगितल्यावर खडूने आखून बघितलं.

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. वरच्या दोन खोल्यांपैकी एक, आणि मुलं मोठी होऊन शिकायला बाहेर गेली की दोन्ही, पाहुण्यांना द्यायचा विचार आहे. रीतसर पर्यटन खात्याकडे नोंदणी करूनच. देवळं बघायला, मसाल्याच्या बागा बघायला लोक येतात इकडे, त्यांना समुद्रापाशी राहायचं नसतं. मग पाहुणे काही बादलीने आंघोळ करणार नाहीत. त्या हिशोबाने हीट पंप बरोबर ठरतो का? एक विक्रेता म्हणाला की त्यातून थंड कोरडी हवा निघते, ती मागच्या कपडे वाळवायच्या जागेत सोडली तर पावसात कपडे वाळतील. आमच्याकडे जुलैत चादर चार दिवस वाळत नाही, त्यामुळे हे ऐकून बायकोचे डोळे चमकले. खरं आहे का?

काणकोण_होमस्टे

माझ्याकडे तीन खोल्या आहेत आणि हीट पंप तीन वर्षं चालू आहे म्हणून सांगते. तो एसीसारखाच असतो, फक्त उलटा, हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो. आपल्याकडची हवा वर्षभर गरम आणि दमट, त्याला यापेक्षा चांगलं हवामान नाही, १ युनिट विजेत ३ युनिटांची उष्णता पाण्यात जाते, कधी त्याहून जास्त. पाहुणे रात्री अकराला आले, सकाळी सहाला गेले, पाणी नेहमी तयार. गिझर चालू करायला विसरलात अशी तक्रार नाही. या एका गोष्टीसाठी मी परत तोच घेईन.

त्रास सांगते. एक, आवाज, एसीच्या बाहेरच्या युनिटसारखी घरघर, माझा पहिला झोपायच्या खोलीच्या भिंतीला लावला होता तो हलवावा लागला. दोन, खारी हवा. मी समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, दोन वर्षांत पंख्याच्या मागच्या जाळीचे पत्रे खायला लागले, फोंड्यात तुम्हाला हा त्रास कमी. तीन, त्यातून पाणी ठिबकतं, त्याला उतार देऊन पाईप लागतो. चार, हळू तापवतो. टाकी संपली तर गिझरसारखं अर्ध्या तासात नाही, दोन-तीन तास. त्यामुळे टाकी मोठी लागते.

कपड्यांचं, मी युनिट बंद खोलीत ठेवलंय, खोली गार आणि थोडी कोरडी राहते, त्यात मी पापड, कोकम, सुक्या मासळीचे डबे ठेवते. कपडे लवकर वाळतात का? फरक पडतो, पण दोरीभर चादरी नाही वाळत. विक्रेत्याने जरा वाढवून सांगितलं.

निवृत्त_पाणीवाला

काणकोणच्या ताईंनी बरोबर सांगितलं, मी त्यावर आकडे घालतो म्हणजे वहिनींची निराशा आत्ताच होईल, १ लाख ३५ हजार दिल्यावर नको.

हवेतलं १ लिटर पाणी गाळून काढायला त्यातून सुमारे ०.६८ युनिट उष्णता काढावी लागते. तुमच्या घरच्या रोजच्या २ युनिट गरम पाण्यासाठी हीट पंप हवेतून काढणार साधारण सव्वा ते दीड युनिट, त्यातली निम्मी हवा गार करण्यात जाते, म्हणजे दिवसाला एक लिटरच्या आसपास पाणी. एका वेळच्या धुण्यात पिळल्यावरही तीन-चार लिटर पाणी असतं. पाहुणे भरपूर असते तर हीट पंप जास्त चालला असता आणि जास्त पाणी काढलं असतं, पण पाहुणे जुलैत कमीच येतात. ज्या महिन्यात कपडे वाळत नाहीत त्याच महिन्यात यंत्र कमी चालणार. कपड्यांसाठी वेगळा डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घ्या, त्या छोट्या जागेला दार लावून, तो दिवसाला दहा-बारा लिटर काढेल आणि त्यातून निघणारी हवा उलट गरम असते, कपड्यांना तीच पाहिजे. चादरी वाळतील आणि भिंतीला बुरशी धरणार नाही.

आता पाहुण्यांचं. चार पाहुणे, प्रत्येकी दिवसाला दोन शॉवर, एका शॉवरला ५० लिटर, ४०० लिटर झालं, ४० अंशांचं. त्याला ६ युनिट उष्णता. गिझरवर साडेसहा-सात युनिट, हीट पंपावर सव्वादोन. दिवसाला साडेचार वाचले. वर्षात १५० दिवस खोल्या भरलेल्या असल्या, आणि पहिल्या वर्षी तुमच्या तेवढ्या भरणार नाहीत, तरी ६७५ युनिट. घरचे ४० गुणिले १२ म्हणजे ४८० मिळवा. साडेअकराशे युनिट वर्षाला. ६ रुपये धरले तर ७ हजारांच्या आत. गिझरपेक्षा हीट पंप तुम्हाला १ लाख १६ हजारांनी महाग पडतोय. सोळा-सतरा वर्षं. तेवढी वर्षं यंत्र टिकलं तर फिटलं.

तेच पैसे छपरावर विजेच्या पॅनेलला घाला. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार आणि तिसऱ्याला अठरा. १ किलोवॅटमागे वर्षभराची सरासरी दिवसाला ४ युनिट पकडा. ती वीज गिझरला, पंख्याला, एसीला, सगळ्याला चालते, एप्रिलमध्ये जास्तीची झाली तर नेट मीटरमधून हिशोबात येते आणि पावसात वापरता येते. सोलरच्या गरम पाण्याचं तसं नाही, एप्रिलचं गरम पाणी जुलैला राहत नाही. माडांची सावली मात्र याला सुद्धा बाधते, त्यामुळे पश्चिमेकडच्या कौलांवर दुपारचं ऊन किती येतं ते एक महिना बघा मग ठरवा. घाई नाही, हे काम भिंत बुजवल्यावर सुद्धा होतं.

भिंत बुजवण्याआधी जे व्हायला पाहिजे ते हे. गरम पाण्याला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाईप), साधा पांढरा पाईप गरम पाण्याने वाकतो. दोन्ही बाथरूमची मधली भिंत एकच आहे ना, गिझर त्याच भिंतीला दोन्ही बाजूंनी, म्हणजे गिझरपासून नळापर्यंत दोन-तीन फूट पाईप. पाऊण इंची पाईपमध्ये मीटरला पाव लिटर पाणी उभं असतं, १५ मीटर लांब नेला तर प्रत्येक वेळी पावणेचार लिटर थंड पाणी सोडून द्यावं लागतं, आणि तेवढंच गरम पाणी पाईपमध्ये गार होतं. यासाठीच मला एका मोठ्या टाकीतून लांब पाईप नेणं आवडत नाही.

आणि आत्ताच स्लॅबवरून एक वेगळा पाऊण इंची सीपीव्हीसी, फोमचं वेष्टण घालून, दोन्ही गिझरच्या इनलेटपर्यंत आणून वर टोपी लावून ठेवा. उद्या सोलर आला, हीट पंप आला, साखळीकरांसारखं त्याचं पाणी गिझरमध्ये सोडता येईल. पाईप आज हजार-बाराशेचा, उद्या टाइल्स फोडून पंधरा हजारांचा.

साखळीकर_७४

हे अगदी बरोबर. मला टाइल्स फोडाव्या लागल्या होत्या, त्या रंगाच्या परत मिळाल्या नाहीत.

अजून एक, विहिरीच्या पाण्याबद्दल कोणी बोललं नाही. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतलं पाणी मऊ असतं पण आंबटपणाकडे झुकलेलं, क्षार साचत नाहीत पण लोखंड खातं. माझ्या जुन्या जीआय पाईपांची चाळण झाली. गिझर घेताना आतून काचेचा लेप असलेला घ्या आणि त्यातला मॅग्नेशियमचा रॉड दर वर्षी-दीड वर्षाने उघडून बघा, तो झिजतो म्हणून टाकी वाचते. सर्व्हिसवाला विचारल्याशिवाय बघत नाही.

पेडण्याची_लेक

आणि माडकरदादा, चवथीच्या सोळा माणसांसाठी यंत्र मोठं घेऊ नका. ते वर्षातले दोन-चार दिवस. तुमच्या आईचं भाण आहे ना, साठ-सत्तर लिटरचं तरी असेल. पहाटे चारला चूल पेटवली की आठपर्यंत सगळ्यांच्या बादल्या निघतात, आमच्याकडे अजून तसंच होतं. बायका-मुलं खाली न्हाणीत, पुरुष वर गिझरवर, आणि चुडतांच्या धुराचा वास आला की घरात चवथ आली असं वाटतं. फक्त पावसात सोडणं कोरडी राहतील अशी जागा ठेवा, माडी नवीन केली म्हणजे आता नारळ-सोडणं कुठे ठेवणार तेही बघा.

माडकर_फोंडा

ताई, तुम्ही नेमकं धरलंत, सोडणं ठेवायची जागाच गेली आहे, आई तेच म्हणत होती आणि मी लक्ष देत नव्हतो. न्हाणीच्या बाजूला पत्र्याची छपरी काढून देतो, चवथीच्या आत.

तर माझं ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. दोन २५ लिटरचे पाच स्टार स्टोरेज, काचेच्या लेपाचे, ८ बार दाबाचे, मधल्या भिंतीला पाठीला पाठ. टाकीला प्रेशर पंप, थंड आणि गिझर दोन्हीला. स्लॅबवरून टोपी लावलेला वेगळा पाईप. ४ स्क्वेअर वायर, माडीचा वेगळा आरसीसीबी, अर्थिंग नवीन. कपड्यांच्या जागेला दार आणि डिह्युमिडिफायर, हे बायकोने आजच पक्कं केलं. विजेच्या पॅनेलचं पुढच्या उन्हाळ्यात, तोपर्यंत ऊन बघतो. काणकोणच्या ताईंचा हीट पंप मनात आहे, खोल्या चालल्या तर.

वायरमन_डिचोली

बरोबर आहे. गिझरच्या इनलेटला सेफ्टी व्हॉल्व आणि नॉन रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटं जाऊ न देणारा) लावायला सांगा, पंप लावताय म्हणजे तो पाहिजेच, आणि सेफ्टी व्हॉल्वचं तोंड जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीच्या दिशेने खाली, माणसाच्या अंगावर नको, त्यातून कधीकधी गरम पाणी सुटतं. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये थर्मोस्टॅट ६० च्या वर जाऊ देऊ नका, लहान मुलं असतात.

निवृत्त_पाणीवाला

काप बुजवायच्या आधी प्लंबरकडून दाबाची टेस्ट करून घ्या. सगळ्या तोंडांना टोप्या लावायच्या, हातपंपाने ६ बार दाब द्यायचा आणि रात्रभर ठेवायचा, सकाळी काटा तिथेच असेल तरच सिमेंट. प्लंबर म्हणेल गरज नाही. तुम्ही समोर उभे राहा. आणि भिंतीला टेप लावून प्रत्येक पाईपचा फोटो काढून ठेवा, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, म्हणजे उद्या टॉवेलचा दांडा ठोकताना पाईपात ड्रिल जाणार नाही.

माडकर_फोंडा

सोमवारी टेस्ट लावतो, काटा काय दाखवतो ते इथे टाकतो.

माडकर_फोंडा

मंगळवार सकाळ. रात्री ८ ला ६ वर होता, सकाळी ६ ला साडेचार. डाव्या बाथरूमच्या मिक्सरमागच्या एल्बोला थेंब दिसला, पाईप चिकटवायचं सोल्युशन नीट लागलंच नव्हतं. प्लंबरने काही न बोलता कापून नवीन बसवला. आज रात्री परत लावतोय.

निवृत्त_पाणीवाला

नवीन जोडाला सोल्युशन सुकायला पूर्ण दिवस द्या, आज नको, उद्या रात्री लावा.